बिनचावीचे घड्याळ

घड्याळाला चावी देणे हा शब्दप्रयोग आमच्या घरांतून अजून गेलेला नाही. एचएमटीचे जुने मनगटी घड्याळ ज्यांच्यापाशी आहे, असे वडीलधारे सकाळी उठल्यावर त्याच्या बाजूचे लहानसे दातेरी बटण दहावीस वेळा फिरवतात आणि ‘चावी दिली’ असे म्हणतात. वस्तुतः त्या घड्याळाला चावी नाहीच. चावी हा शब्दही मुळात आपला नव्हे, तो पोर्तुगीजांबरोबर आपल्या किनाऱ्यावर उतरला. परंतु एके काळी खिशातल्या प्रत्येक घड्याळाबरोबर खरोखरीची एक चिमुकली चावी मिळत असे. रोज ठरल्या वेळी घड्याळाचे मागचे झाकण उघडायचे, आतल्या चौकोनी खुंटीवर ती चावी बसवायची आणि स्प्रिंग गुंडाळायची. काटे पुढेमागे करावयाचे झाले तरी तीच चावी लागे. रोजच्या उघडझापीने आत धूळ जाई, ती वेगळीच. आणि चावी हरवली म्हणजे सोन्याचे घड्याळसुद्धा मुके होऊन बसे.

ही चावी माणसाच्या खिशातून कायमची काढून टाकणाऱ्यांत ज्या घड्याळजीचे नाव प्रथम घ्यावे लागते, तो जाँ आद्रियाँ फिलीप हा फ्रेंच गृहस्थ. त्याला ज्याने ओळखले, तो आंतोनी पाटेक हा पोलंडचा निर्वासित. या दोघांच्या नावांनी चालणारी जिनिव्हाची पाटेक फिलिप ही पेढी आज जगातील सर्वांत नावाजलेल्या घड्याळकारांत गणली जाते. तिच्या घड्याळांच्या किमती ऐकून आम्ही थक्क होतो, परंतु या लेखाचे निमित्त त्या किमती नव्हेत. ही पेढी कोणत्या माणसांनी कोणत्या अडचणीतून उभी केली, ते वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटले.

पाटेक यांचा जन्म १८१२ साली पोलंडमध्ये झाला. त्या वेळी पोलंड हा देश नकाशावर जवळजवळ उरलाच नव्हता. रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रिया या तीन शेजाऱ्यांनी १७७२ ते १७९५ या काळात त्याचे तीनदा लचके तोडून तो आपसांत वाटून घेतला होता. १८३० च्या नोव्हेंबरात वॉर्सा येथे रशियाच्या झारविरुद्ध उठाव झाला. तरुण पाटेक घोडदळात लढले, जखमी झाले, आणि शौर्याबद्दल त्यांना पोलंडचे मानाचे लष्करी पदक मिळाले. पुढच्याच वर्षी उठाव मोडला. हजारो पोलिश सैनिक देश सोडून पश्चिमेकडे चालू लागले, त्यांत पाटेकही होते.

पोलंडच्या लोकांच्या नशिबी हे पुन्हा एकदा यावयाचे होते. दुसऱ्या महायुद्धात घरदार गमावलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, बहुतेक स्त्रिया आणि मुले, कोल्हापूरजवळ वळिवडे येथील छावणीत १९४३ पासून काही वर्षे राहिले. ते कॅथलिक होते आणि त्यांनी तेथे आपले उपासनामंदिर व शाळाही चालविल्या. आमच्या सीमाभागातील वाचकांना हे स्मरण करून दिले, म्हणजे शंभर वर्षांपूर्वीच्या पाटेक यांची स्थिती अधिक समजेल.

फ्रान्समध्ये काही काळ काढून पाटेक जिनिव्हास आले. हातात कसब असे नव्हते. चित्रकलेचा मात्र नाद होता आणि आलेक्सांद्र कालाम या निसर्गचित्रकारापाशी त्यांनी काही शिक्षणही घेतले. चांगली यंत्रे विकत घ्यावी, ती सुरेख डब्यांत बसवावी आणि विकावी, असा धंदा त्यांनी आरंभला. गाव मात्र त्यांनी योग्य निवडले होते. सोळाव्या शतकात कॅल्विनच्या कडक शिस्तीत दागदागिने घालण्यास जिनिव्हात बंदी आली. तेव्हा तेथील सोनार घड्याळांकडे वळले, आणि फ्रान्समधून छळामुळे पळून आलेल्या प्रॉटेस्टंट कारागिरांनी त्यांना ही विद्या दिली. १६०१ साली तर जिनिव्हाच्या घड्याळजींचा स्वतंत्र संघ स्थापन झाला. अशा रीतीने ज्या शहराची ही कीर्ती निर्वासितांच्या हातांनी वाढली, तेथे आणखी एक निर्वासित दाखल झाला. फरक इतकाच, की हा कॅथलिक होता.

१ मे १८३९ रोजी पाटेक यांनी फ्रान्चिशेक चापेक या घड्याळजीबरोबर भागीदारी केली. चापेक जन्माने चेक, पण पोलंडच्या उठावात तेही होते. मोजक्याच कारागिरांच्या साह्याने वर्षाला दोनेकशे घड्याळे तयार होत. त्यांच्या झाकणांवर पोलंडच्या वीरांची चित्रे, तशीच पवित्र मरियेच्या भक्तीची चित्रे असत. देश गमावलेला माणूस आपला देश खिशात घालून हिंडू शके, असे त्यांचे स्वरूप होते. ही भागीदारी सहा वर्षे टिकली. दोघांचे पटेना, आणि १८४५ साली चापेक वेगळे झाले.

याच्या आदल्या वर्षी, १८४४ साली, पॅरिस येथे उद्योगांचे मोठे प्रदर्शन भरले होते. फिलीप यांनी तेथे आपले बिनचावीचे घड्याळ मांडले होते. घड्याळजी बापाचा हा मुलगा वयाने तिशीच्या आतला होता. चावीवाचून घड्याळ चालविण्याचे प्रयत्न त्याच्यापूर्वीही काही कारागिरांनी केले होते, परंतु पातळ घड्याळात बसेल आणि रोजच्या वापरात बिघडणार नाही अशी सोय फिलीप यांनी साधली. बाजूच्या एकाच बटणाने स्प्रिंगही गुंडाळता येई आणि काटेही लावता येत. मागचे झाकण उघडण्याचे कारणच उरले नाही. त्यांच्या देशबांधवांनी या वस्तूकडे फारसे लक्ष दिले नाही. पाटेक मात्र तेथे थांबले. स्वतः कारागीर नसलेल्या माणसाने कारागिराला ओळखावे यात आम्हांस त्यांचा खरा गुण दिसतो. फिलीप जिनिव्हास आले, कारखान्याची सर्व तांत्रिक बाजू त्यांच्याकडे गेली, आणि १८५१ पासून पेढीच्या नावात त्यांचे नाव जोडले गेले.

त्याच वर्षी लंडनच्या महाप्रदर्शनात राणी व्हिक्टोरिया यांनी या पेढीचे निळ्या मिन्याचे, हिरेजडित असे गळ्यात लटकविण्याचे घड्याळ घेतले. त्यानंतर राजेरजवाड्यांची गिऱ्हाइकी वाढली हे सांगावयास नको. तिचा विस्तार आम्ही करीत नाही. पाटेक यांनी जिनिव्हाचे नागरिकत्व घेतले होते, तरी निर्वासित पोलिश बांधवांचे आणि तेथील कॅथलिक समाजाचे काम त्यांनी सोडले नाही. त्या सेवेबद्दल परमगुरू पोप नववे पायस यांनी त्यांना काउंट हा किताब दिला. कॅल्विनच्या शहरात कॅथलिकांची सेवा करणे सोपे नव्हते. १८७३ साली तर तेथील बिशप गास्पार मेर्मिलो यांना स्विस सरकारने देशाबाहेर घालविले. अशा दिवसांत, १ मार्च १८७७ रोजी, पाटेक वारले. स्वतंत्र पोलंड त्यांना पाहावयास मिळाला नाही. तो १९१८ साली पुन्हा उभा राहिला. फिलीप १८९४ साली निवर्तले. पेढीचे बोधचिन्ह म्हणून १८८७ पासून वापरात असलेला क्रूस हा स्पेनमधील कालात्राव्हा या धर्मवीरांच्या संघाचा आहे.

१९२९ नंतरच्या जागतिक मंदीत हा धंदा बुडण्याच्या बेताला आला. १९३२ साली शार्ल आणि जाँ स्टर्न या भावांनी तो विकत घेतला. हे बंधू पेढीला घड्याळांच्या तबकड्या पुरवीत असत. माल पुरविणाऱ्याने धनी व्हावे, हे क्वचितच घडते. आज त्यांच्याच घराण्याची चौथी पिढी, थिएरी स्टर्न, पेढीचे अध्यक्ष आहेत. १९६९ च्या नाताळच्या दिवशी जपानच्या सेको कंपनीने सेलवर चालणारे क्वार्ट्‌झ मनगटी घड्याळ बाजारात आणले. ते स्वस्त झाल्यावर स्विस घड्याळधंद्यातील सुमारे नव्वद हजार नोकऱ्यांपैकी दोनतृतीयांश पंधरा वर्षांत गेल्या. कित्येक जुनी नावे बुडाली किंवा मोठ्या कंपन्यांच्या पोटात गेली. ही पेढी मात्र घराण्याच्याच हाती राहिली. १८३९ पासून आपण केलेले कोणतेही घड्याळ दुरुस्त करून देण्याचे तिचे वचन आहे. नातवाने आजोबांचे घड्याळ आणले, तर त्याचा मोडलेला भाग पुन्हा घडवून देणारा कारागीर पेढीला पदरी ठेवावा लागतो. धंद्याच्या हिशेबात हे महाग पडत असणार, तरी या वचनास आम्ही फार मोल देतो.

आता एका घड्याळाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण त्याचा आमच्या पंचांगाशी थेट संबंध आहे. पेढीला दीडशे वर्षे झाली तेव्हा, १९८९ साली, तिने ‘कॅलिबर ८९’ नावाचे खिशातले घड्याळ प्रसिद्ध केले. खिशातले म्हणावयाचे, एवढेच. वजन किलोहून अधिक, भाग १,७२८, काटे २४, आणि वेळ सांगण्याखेरीज इतर करामती धरून एकूण ३३ कामे. त्याच्या संशोधनास आणि घडणीस नऊ वर्षे लागली. या ३३ कामांपैकी एक आहे पुनरुत्थान सणाची, म्हणजे ईस्टरची, तारीख दाखविणे.

ईस्टर कधी येतो हे आपल्या मुलांना ठाऊक असावे. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा पाहावी, आणि तिच्यानंतरच्या रविवारी ईस्टर. नियम दोन ओळींचा आहे. पण चंद्राचे महिने, सूर्याचे वर्ष आणि सात दिवसांचा आठवडा ही तीन चक्रे एकमेकांत कधीच सरळ बसत नाहीत. त्यामुळे ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांमध्ये कोठेही पडतो आणि त्याचा क्रम लहानशा चाकात मावत नाही. कारागिरांनी तोडगा असा काढला, की एका चकतीच्या कडेवर प्रत्येक वर्षासाठी कमीजास्त खोलीची एक खाच कापली. वर्ष बदलले की चकती एक खाच पुढे सरकते, आणि खाचेच्या खोलीप्रमाणे काटा तारखेवर जाऊन थांबतो. परंतु अशा खाचा बसणार किती? १९८९ पासून २०१७ पर्यंतच्या वर्षांपुरती ती चकती होती. तिच्यापुढील ईस्टर हवे असतील, तर नवी चकती कापून बसवावी लागते. संपूर्ण जगाचे कौतुक झालेले यंत्र, आणि देवळातील वर्षाची दिनदर्शिका जे सहज सांगते त्याच्यासाठी त्याला पुन्हा कारागिराची वाट पाहावी लागते! आम्ही हे हसण्यासाठी लिहीत नाही. हे इतके कठीण आहे हे त्या कारागिरांमुळेच आम्हांस कळले.

किमतीविषयी एकच गोष्ट सांगतो. २०१९ च्या नोव्हेंबरात जिनिव्हा येथील लिलावात या पेढीचे एक मनगटी घड्याळ ३ कोटी १० लाख स्विस फ्रँकला गेले. लिलावात कोणत्याही मनगटी घड्याळाला तोवर इतकी किंमत आली नव्हती. घड्याळ सोन्याचे नव्हे, पोलादाचे होते, आणि तो लिलाव मुलांचे स्नायू क्षीण करणाऱ्या एका असाध्य रोगावरील संशोधनासाठी भरविलेला होता. हे दुसरे कारण नसते, तर एका घड्याळावर इतका पैसा घालणे आम्हांस रुचले नसते.

पेढीच्या इतर अनेक घड्याळांत महिन्याचे दिवस आपोआप बदलतात, आणि लीप वर्षातला २९ फेब्रुवारीही त्यांना कळतो. पण पोप तेरावे ग्रेगरी यांनी १५८२ साली पंचांग सुधारले तेव्हा ठरले, की ज्या शतकवर्षाला ४०० ने भाग जात नाही ते लीप वर्ष धरू नये. हा नियम त्या चाकांना ठाऊक नाही. म्हणून २१०० साली २८ फेब्रुवारीनंतर ती घड्याळे २९ तारीख दाखवतील, आणि ती ज्यांच्या हाती असतील त्यांना ती पुढे सरकवून १ मार्च लावावा लागेल.