स्पर्शभिंगाचे बहुवारिक : पाणी आणि प्राणवायू यांचा मेळ

मानवी डोळ्याच्या अग्रभागी असलेले स्वच्छमंडल म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर जाडीचे पारदर्शक पटल होय. ते पारदर्शक राहावे म्हणून निसर्गाने त्यात रक्तवाहिन्या ठेवलेल्या नाहीत. त्यामुळे इतर ऊतकांना रक्तातून मिळणारा प्राणवायू स्वच्छमंडलाला मुख्यतः बाहेरच्या हवेतून, अश्रूंच्या पातळ थरात विरघळलेल्या रूपात, घ्यावा लागतो. झोपेत पापण्या मिटलेल्या असता पापणीच्या आतील रक्तवाहिन्यांकडून तो मिळतो, पण पुष्कळच कमी प्रमाणात. अशा या पटलावर भिंग ठेवावयाचे, म्हणजे त्याच्या श्वासमार्गावर झाकण ठेवण्यासारखेच आहे. या झाकणातून हवा कशी जाऊ द्यावी आणि ते ओले कसे राखावे, या दोन प्रश्नांभोवती स्पर्शभिंगाच्या द्रव्यांचा सारा इतिहास फिरत आला आहे. हे दोन प्रश्न परस्परांत गुंतलेले असून कोरड्या व उष्ण प्रदेशात तो गुंता अधिकच कठीण होतो. सोलापूरसारख्या ठिकाणी या विषयाचा विचार निराळ्या दृष्टीने करावा लागतो, तो याच कारणामुळे.

झुरिक येथील नेत्रवैद्य आडोल्फ ओयगेन फिक याने १८८८ साली काचेच्या स्पर्शभिंगांचे वर्णन प्रसिद्ध केले. ही भिंगे बुबुळाबरोबरच डोळ्याचा पांढरा भागही झाकीत असत. ती जड होती आणि काही तासांपलीकडे सहन होत नसत. पुढे पॉलिमिथिल मिथॅक्रिलेट हे काचेसारखे स्वच्छ, हलके व कातता येण्याजोगे बहुवारिक उपलब्ध झाले. १९४८ साली अमेरिकेतील केव्हिन टूही याने त्यापासून केवळ स्वच्छमंडलावर बसणारे लहान भिंग तयार केले. भिंगाचे वजन व आकार यांचा प्रश्न येथे बराचसा सुटला, परंतु श्वासाचा प्रश्न सुटला नाही. या बहुवारिकातून प्राणवायू जवळजवळ पार जातच नाही. पापणीची उघडझाप होताना भिंगाखाली जे थोडे ताजे अश्रू शिरतात, तेवढाच काय तो आधार. अनेक तास असे भिंग वापरले की प्राणवायूअभावी स्वच्छमंडलात पाणी साठून ते सुजे आणि दृष्टी धूसर होई.

या अडचणीवर मूलगामी उपाय शोधला तो प्राग येथील ओटो विख्टर्ले व द्राहोस्लाव लीम या रसायनशास्त्रज्ञांनी. जैविक उपयोगासाठी पाणी धरून ठेवणाऱ्या जेलविषयीचा त्यांचा लेख १९६० साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी निवडलेले एकवारिक म्हणजे हायड्रॉक्सिएथिल मिथॅक्रिलेट होय. पॉलिमिथिल मिथॅक्रिलेटच्या एकवारिकाशी त्याचे निकटचे नाते आहे. भेद इतकाच की, त्याच्या बाजूच्या टोकाशी एक हायड्रॉक्सिल गट असतो. हा लहानसा गट पाण्याच्या रेणूंना हायड्रोजन-बंधांनी धरून ठेवतो, आणि कठीण काचेसारख्या बहुवारिकाचे मऊ, ओलसर हायड्रोजेल बनते.

ही क्रिया सोलापूरकरांना अपरिचित वाटण्याचे कारण नाही. १८७७ साली येथे पहिली कापडगिरणी उभी राहिली, आणि आज सोलापुरी चादर व टॉवेल यांना भौगोलिक मानांकन लाभलेले आहे. सुती टॉवेल अंग टिपतो, त्याच्या मुळाशीही हायड्रॉक्सिल गटच असतात. कापूस म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोजच्या साखळीतील प्रत्येक घटकावर असे तीन गट असतात. टॉवेल पाणी पितो, पण पाण्यात विरघळत नाही, कारण त्यातील पुष्कळशा साखळ्या एकमेकींना घट्ट बिलगलेल्या असतात. विख्टर्ले यांच्या जेलमध्ये हेच कार्य आडबंध करतात. दोन साखळ्यांना सांधणारे एथिलीन ग्लायकॉल डायमिथॅक्रिलेट अल्प प्रमाणात मिसळले की सर्व साखळ्यांचे मिळून एक जाळे बनते. ते फुगते, परंतु विरघळत नाही. मग ओला टॉवेल अपारदर्शक आणि ओले जेल पारदर्शक, असे का व्हावे? टॉवेलमधील तंतू व त्यांमधील पोकळ्या प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कितीतरी मोठ्या असल्यामुळे त्यांवरून प्रकाश विखुरतो. जेलच्या जाळ्यातील छिद्रे मात्र तरंगलांबीपेक्षा पुष्कळच लहान असतात, म्हणून प्रकाश त्यातून विनाअडथळा पार जातो.

द्रव्य सापडले तरी त्याचे भिंग बनविणे हे स्वतंत्र शास्त्र आहे. साच्यातून काढताना मऊ जेलच्या कडा फाटत, हा प्रारंभीचा मोठा अडथळा होता. १९६१ च्या नाताळात विख्टर्ले यांनी मुलांच्या ‘मेरकूर’ या जुळणीच्या खेळातील सुटे भाग, सायकलचा डायनमो आणि घंटेचा ट्रान्सफॉर्मर यांच्या साहाय्याने घरीच एक यंत्र जुळविले. फिरत्या अंतर्वक्र साच्यात एकवारिकाचा थेंब टाकला की केंद्रोत्सारी परिणामामुळे तो कडेकडे पसरतो, आणि त्याच अवस्थेत बहुवारिकीभवन होऊन भिंग घट्ट होते. भिंगाचा पुढचा पृष्ठभाग साचा ठरवितो. डोळ्याकडील पृष्ठभाग फिरण्याचा वेग ठरवितो. कडा आपोआपच गुळगुळीत होते. या मऊ भिंगांना अमेरिकेत १९७१ साली विक्रीची अधिकृत मान्यता मिळाली.

आज तीन रीती प्रचलित आहेत. पहिली ही फिरत्या साच्याची. दुसरी कातकामाची : कोरड्या, कठीण अवस्थेतील बहुवारिकाची चकती लेथवर कातावयाची व मग ती द्रावणात भिजवावयाची. भिजल्यावर सुमारे ३८ टक्के पाणी धरणारे हे जेल लांबीरुंदीत एक षष्ठांश ते एक पंचमांश इतके वाढते. कातणाऱ्याला हा फुगवटा आधीच हिशेबात धरावा लागतो, आणि चकतीने हवेतील दमट अंश शोषू नये म्हणून दालनातील आर्द्रता काटेकोर राखावी लागते. तिसरी रीत दुहेरी साच्यात ओतण्याची. साचा प्लॅस्टिकचा आणि एकदाच वापरावयाचा असल्याने ही रीत मोठ्या उत्पादनास स्वस्त पडते. रोजच्या रोज टाकून द्यावयाची भिंगे तिच्यामुळेच शक्य झाली. रीत कोणतीही असो, एकवारिकाची शुद्धता हा तिचा पाया होय. डायमिथॅक्रिलेट अधिक झाले तर जाळे आवळते आणि जेल कमी पाणी घेते. मिथॅक्रिलिक आम्ल राहून गेले तर जेलवर ऋण विद्युतभार येतो व अश्रूंतील लायसोझाइम हे प्रथिन त्यावर चटकन साचते. न जुळलेले एकवारिक धुऊन काढले नाही तर ते डोळ्यात उतरते.

आता प्राणवायूकडे वळू. हायड्रोजेलमधून प्राणवायू जातो तो त्यातील पाण्यात विरघळून. म्हणून पाणी जितके अधिक, तितकी पार्यता अधिक. या विषयात रूढ असलेल्या बॅरर या एककात ३८ टक्के पाण्याच्या जेलची पार्यता सुमारे ८ भरते. पाणी ७५ टक्क्यांवर नेले तर ती ३० च्या आसपास जाते. प्रत्यक्ष डोळ्यापर्यंत किती प्राणवायू पोहोचेल हे मात्र जाडीवरही अवलंबून असते. भिंग ०.१ मिलिमीटर जाड असल्यास पहिल्या जेलचा पारगमनांक ८ येतो. होल्डन व मर्ट्झ यांनी १९८४ साली दिलेल्या निकषानुसार, स्वच्छमंडल सुजू नये यासाठी हा अंक जागेपणी किमान २४ आणि रात्रभर भिंग ठेवावयाचे असल्यास ८७ असावा लागतो. म्हणजे पहिल्या जेलला दिवसाचाही निकष गाठता येत नाही, आणि पाणी वाढविलेल्या जेलला रात्रीचा निकष दूरच राहतो.

पाणी वाढवावे तर जेल दुबळे होते. भिंग पातळ करावे तर ते फाटते. शिवाय दोन्ही उपायांनी भिंग अधिक वेगाने सुकते. सोलापुरात मे महिन्यात पारा वारंवार ४० अंश सेल्सियसच्या वर जातो आणि दुपारची हवा अतिशय कोरडी असते. अशा हवेत भिंगाच्या पुढील पृष्ठावरून बाष्पीभवन झपाट्याने होते, आणि ती तूट भरून काढण्यासाठी पाणी खालच्या अश्रुथरातून ओढले जाते. पातळ व बहुजल भिंगाखाली स्वच्छमंडलाचा वरचा थर कोरडा पडून त्यास इजा होऊ शकते. ज्या पाण्याच्या भरवशावर श्वासमार्ग खुला केला, तेच पाणी डोळ्याकडून वसूल होते.

यातून वाट काढण्यासाठी प्राणवायूचा मार्ग पाण्याहून वेगळा करणे आवश्यक होते. सिलिकोन बहुवारिकांतून प्राणवायू पाण्यापेक्षा कितीतरी सहज जातो. परंतु सिलिकोन हे पाण्याचा द्वेष करणारे आहे. सिलिकोन व जलप्रिय एकवारिके एकत्र केली की तेलपाण्यासारखी त्यांची फारकत होते व भिंग दुधाळ दिसते. टोकाशी क्रियाशील गट असलेल्या लांब सिलिकोन साखळ्या योजून आणि योग्य द्रावक निवडून ही फारकत प्रकाशाच्या तरंगलांबीहून लहान अंतरांत कोंडता आली, आणि पृष्ठभाग ओला राहावा म्हणून त्यावर प्लाझ्माचा संस्कार करण्यात आला. १९९८-९९ च्या सुमारास सिलिकोन हायड्रोजेलची भिंगे बाजारात आली. पहिल्या पिढीतील एका भिंगात पाणी केवळ २४ टक्के, पण पार्यता १४० होती. पाणी कमी आणि प्राणवायू अधिक, ही गोष्ट पूर्वीच्या नियमाने अशक्य होती.

तथापि, येथे एक इशारा देणे अगत्याचे आहे. प्राणवायूचा प्रश्न सुटला की रात्रीही भिंग निर्धास्तपणे ठेवता येईल, अशी अपेक्षा होती; ती फलद्रूप झाली नाही. स्वच्छमंडलाची सूज टळली, परंतु भिंगासह झोपणाऱ्यांतील जंतुसंसर्गाचा वाढीव धोका कायम राहिला. स्यूडोमोनास हा जीवाणू आणि नळाच्या पाण्यातही आढळणारा अकँथअमीबा यांना भिंगाची पार्यता रोखू शकत नाही. भारतात शेतीकामात डोळ्याला कचरा किंवा पाते लागून होणारे बुरशीजन्य व्रणही पुष्कळ आढळतात. यास्तव धूळ, कोरडी हवा आणि पाण्याची टंचाई असलेल्या भागात हात धुणे, भिंग पाण्याने न धुणे व झोपण्यापूर्वी काढणे यांस द्रव्याइतकेच महत्त्व आहे. स्पर्शभिंग ही केवळ हौसेची वस्तूही नव्हे. स्वच्छमंडल शंकूसारखे पुढे आलेल्या रुग्णास चष्म्याने पुरेसे दिसत नाही. कठीण, वायुपारगम्य भिंगाखाली अश्रूंचा थर ती उंचसखलता भरून काढतो व त्याची दृष्टी सुधारते. अशा रुग्णासाठी भिंगाची किंमत हा शिक्षणाचा व रोजगाराचा प्रश्न ठरतो.

हायड्रोजेलची विद्या महाराष्ट्राला नवी नाही. १९५० साली सुरू झालेल्या पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने कोरडवाहू जमिनीत ओल टिकविण्यासाठी ‘जलशक्ती’ हे पाणी शोषणारे बहुवारिक विकसित केले होते. नेत्रोपयोगी द्रव्याचे उत्पादन देशात स्वस्तात होऊ शकते, हे मदुराई येथे १९९२ साली स्थापन झालेल्या ऑरोलॅबने मोतीबिंदूनंतर डोळ्यात बसवावयाच्या भिंगांच्या बाबतीत सिद्ध केले आहे. २००४ साली स्थापन झालेल्या सोलापूरच्या विद्यापीठासारख्या ठिकाणी यापुढचे काम साध्या साधनांनीही आरंभिता येईल. जेलचे समतोल जलप्रमाण वजनकाट्याने मोजता येते. उन्हाळ्यातील कोरड्या हवेत ते किती वेगाने घटते, याची नोंद ठेवता येते. आडबंधांचे प्रमाण बदलून त्याचा परिणाम तपासता येतो. भिंगांची मोजमापे सामान्यतः नियंत्रित तापमानात व द्रावणात घेतली जातात. रुग्णाला मात्र ती भिंगे मेच्या दुपारी वापरावयाची असतात. या दोहोंमधील अंतर मोजण्याचे काम सोलापूरइतके सोयीचे फार थोड्या ठिकाणी होऊ शकेल.