कोल्हा आणि खोकड

‘कोल्ह्याला द्राक्षे आंबट’ ही म्हण इसापाच्या ग्रीक नीतिकथेवरून मराठीत रूढ झाली. मूळ कथेतील प्राणी कोल्हा नसून खोकडाचा जातभाई होय. भाषांतरात हा भेद लोपला. ‘कोल्हा काकडीला राजी’ ही म्हण मात्र आपल्या शिवारातील कोल्ह्याचीच आहे.

कोल्हा सुमारे ८ ते १० किलोग्रॅम वजनाचा असतो व रात्री कळपाने कोल्हेकुई करतो. खोकड अवघे २ ते ३ किलोग्रॅमचे. त्याच्या झुबकेदार शेपटीचे टोक काळे असते. ते माळरानावर बिळात राहते आणि उंदीर व किडे खाऊन शेतकऱ्यास उपकारक ठरते.

आकाशातही हीच गल्लत आढळते. हंस व गरुड या तारकासमूहांच्या दरम्यान एक अंधूक समूह आहे. हेवेलियस या ज्योतिर्विदाने सतराव्या शतकात त्यास ‘लहान खोकड’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. मराठीत त्याचा ‘जंबुक’, म्हणजे कोल्हा, झाला.

म्हण शिकविताना शिक्षकांनी, मुलांनी माळावर काय पाहिले आहे, हे प्रथम विचारावे. द्राक्षांच्या गोष्टीतील चित्र पाहून एखादे मूल ‘हे खोकड’ म्हणाले, तर त्याचे उत्तर चूक ठरवू नये. पुस्तकातील शब्दापेक्षा त्याची पाहणी अधिक अचूक आहे.