हिंवाळ्यानंतरचें ऊन

पाश्चात्य रॉक संगीताचें नांव काढतांच आपल्या घरांतील वडील मंडळींच्या कपाळावर आठी उमटते. हा सारा गोंगाट, अशी त्यांची समजूत. त्या सर्वच संगीताची वकिली मला करावयाची नाहीं. परंतु बीटल्स या इंग्लिश गायक-चतुष्टयाचें ‘हिअर कम्स द सन’ हें एक गाणें रसिक वाचकांपुढें ठेवावें, असें फार दिवस मनांत होतें.

तें जॉर्ज हॅरिसन यानें १९६९ च्या वसंतऋतूंत रचलें. चौघां मित्रांच्या एकीला त्या सुमारास तडे गेले होते; कीर्ति आणि पैसा वाढला, तशा व्यवहाराच्या बैठकी व वादही वाढले होते. अशीच एक बैठक टाळून हॅरिसन सरे परगण्यांत एरिक क्लॅप्टन या मित्राच्या घरीं गेला, त्याची गिटार घेऊन बागेंत हिंडूं लागला, आणि तेथेंच त्याला हें गाणें सुचलें. ध्वनिमुद्रण सुरू झालें तेव्हां मोटार-अपघातांत जखमी झालेला जॉन लेनन हजर नव्हता. उरलेल्या तिघांनीं तें सिद्धीस नेलें. पुढच्याच वर्षीं हा संघ मोडला. पण गाण्यांत त्या कडवटपणाचा मागमूस नाहीं.

गाणें अवघें तीन मिनिटांचें. गिटारीचे स्वर प्रथम दंवाच्या थेंबांप्रमाणें एकेक टपकतात. मधल्या भागांत सरळ चाललेली लय तुकड्यातुकड्यांनीं मोडते, तीच आकृति पुनःपुन्हा फिरते, आणि अखेर ठेक्यावर येऊन मिळते. तबलजीची तिहाई ज्यांनीं ऐकली आहे, त्यांना येथें कांहीं ओळखीचें सांपडेल. यांत नवल नाहीं. १९६६ सालीं हॅरिसन पंडित रविशंकरांपाशीं सतार शिकण्यासाठीं मुंबईस येऊन राहिला होता.

मला या गाण्याचा लळा लागला तो आईच्या निधनानंतरच्या वर्षांत. त्या काळांत सांत्वनाचे शब्द पुष्कळ ऐकले. बहुतेकांचा रोख ‘आतां विसरा’ असाच असे. हें गाणें तसें म्हणत नाहीं. हिंवाळा लांबला होता, थंडी खरी होती, हें तें आधीं मान्य करतें, आणि मग ऊन आल्याची वार्ता हळूच सांगतें. दुःख नाकारून मिळालेल्या धीरापेक्षां दुःख कबूल करून मिळालेला धीर अधिक टिकतो, असा माझा अनुभव आहे.

घरांतील तरुण मुलें असलें संगीत लावतील तेव्हां वडिलांनीं दार लोटून घेऊं नये. निदान हें एक गाणें त्यांच्याशेजारीं बसून ऐकावें, एवढीच विनंति.