होमोसिस्टीन : कारण की खूण?

रक्ततपासणीच्या 'पॅकेज'मध्ये अलीकडे होमोसिस्टीन नावाची एक ओळ असते. आकडा १५च्या वर गेला की तो ठळक छापला जातो आणि घरात पक्षाघाताची भीती शिरते. मी डॉक्टर नाही. या एका ओळीमागचे मूळ शोधनिबंध मात्र मिळतील तसे वाचत आलो आहे. त्यातून माझ्यापुरता मुख्य प्रश्न उरला तो असा, की हा वाढलेला आकडा पक्षाघाताचे कारण आहे की दुसऱ्याच कशाची तरी खूण?

१९३३ साली बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये आठ वर्षांचा एक मुलगा पक्षाघाताने दगावला. त्याच्या धमन्या एखाद्या वृद्धासारख्या जाड झाल्या होत्या. का, ते कुणाला सांगता आले नाही. तीसेक वर्षांनी त्याच्या भाचीला होमोसिस्टिनुरिया हा आनुवंशिक विकार असल्याचे दिसले, तेव्हा उलगडा झाला. किल्मर मॅक्कली या विकृतिशास्त्रज्ञाने त्या मुलाचे जुने नमुने पुन्हा तपासले. पण त्याला खरा धागा सापडला तो दोन महिन्यांच्या दुसऱ्याच एका बाळात. या बाळाच्या चयापचयातला दोष निराळा होता, धमन्यांची अवस्था मात्र तीच. दोघांत समान होते ते रक्तात साठलेले होमोसिस्टीन. १९६९ साली त्याने हे मांडले. तो काळ कोलेस्टेरॉलचा; मॅक्कलीचे म्हणणे फारसे कुणी मनावर घेतले नाही आणि पुढे त्याला हार्वर्ड सोडावे लागले.

होमोसिस्टीन हे काही बाहेरून येणारे विष नव्हे. अन्नातल्या प्रथिनांमधील मेथिओनिनपासून ते प्रत्येकाच्या शरीरात तयार होते. त्याची विल्हेवाट लावायला फोलेट, बी-१२ आणि बी-६ ही जीवनसत्त्वे लागतात. ती कमी पडली की ते रक्तात साचते. मग जीवनसत्त्वे देऊन आकडा उतरवला तर पक्षाघात टळेल का?

दोन मोठ्या प्रयोगांची उत्तरे वेगळी आली. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या, मुख्यतः अमेरिकेतल्या प्रयोगात आधी पक्षाघात होऊन गेलेले ३,६८० रुग्ण होते. जास्त मात्रा घेणाऱ्यांचे होमोसिस्टीन उतरले, पक्षाघात कमी झाले नाहीत. चीनमध्ये उच्च रक्तदाबाच्या २०,७०२ जणांवर प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०१५ साली आले. रक्तदाबाचे औषध दोन्ही गटांना होते, एका गटाला जोडीला फॉलिक आम्ल. पक्षाघाताचे प्रमाण ३.४ टक्क्यांऐवजी २.७ टक्के झाले. साडेचार वर्षांत हजारी सात माणसे वाचली, असा त्याचा साधा अर्थ.

हा फरक मला पिठात दिसतो. अमेरिकेत १९९८पासून धान्याच्या पिठात फॉलिक आम्ल मिसळणे सक्तीचे आहे. चीनमध्ये तशी सक्ती नव्हती. जिथे उणीव होती तिथे ती भरून काढल्याचा उपयोग झाला. उणीव नसताना नुसता आकडा खाली ओढून फारसे काही हाती लागत नाही, असे माझे मत आहे.

आपल्याकडची उणीव बहुधा बी-१२ची. पुण्यात डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी ४४१ मध्यमवयीन पुरुष तपासले. २००६च्या त्या निबंधात ६७ टक्के जणांचे बी-१२ कमी आणि ५८ टक्क्यांचे होमोसिस्टीन जास्त आढळले. सर्वाधिक प्रमाण शहरी मध्यमवर्गात होते, आणि शाकाहाराशी त्याचा ठळक संबंध होता. बी-१२ वनस्पतींतून मिळत नाही. दूध-दह्यातून थोडे मिळते, अंडी-मासे-मटणातून अधिक. तेव्हा आपल्याकडचा ठळक आकडा पक्षाघाताच्या भाकितापेक्षा आधी ताटाबद्दल बोलत असतो. पक्षाघाताचीच धास्ती असेल तर रक्तदाब मोजून घ्यावा. धोक्याच्या कारणांत तो सर्वांत वरचा, आणि त्याला सुईही लागत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. फोलेटचा शोध ज्या कामातून लागला ते मुंबईतच झाले होते : ल्युसी विल्स यांनी १९३०च्या आसपास गिरणी कामगार गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयावर केलेले. हेच फॉलिक आम्ल बी-१२ कमी असताना एकटे घेतले, तर रक्तक्षय सुधारतो आणि मज्जातंतूंची हानी आतल्या आत चालू राहते. हातापायांना मुंग्या येईपर्यंत पत्ता लागत नाही. म्हणून होमोसिस्टीन वाढलेले दिसल्यास गोळीआधी डॉक्टरांना बी-१२ची तपासणी विचारावी.