डिकीतलं फावडं

पवईत बर्फ दिसतो तो मासळीवालीच्या पाटीत, उसाच्या रसाच्या गाड्यावर, नाहीतर लग्नाच्या हॉलमागे गोणपाटात गुंडाळून ठेवलेल्या लादीत. तरीही आमच्या सोसायटीच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये माझ्या गाडीची डिकी उघडलीत, तर आत एक आखूड दांड्याचं फावडं, चाकांना बांधायच्या साखळ्यांची पिशवी, नारिंगी प्लास्टिकच्या दोन खडबडीत पाट्या आणि वेटोळं घातलेला जाड नायलॉनचा दोर सापडेल. डिसेंबर लागला की वॉचमन विचारतो, "साहेब, परत बर्फात?" वीस वर्षांत ही डिकी किती वेळा भरली आणि किती वेळा रिकामी केली, काय आत आलं आणि काय भंगारात गेलं, त्याचा हा हिशेब.

सुरुवात बर्फाने झाली नाही, पाण्याने झाली. २६ जुलै २००५, मंगळवार. सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कुलाब्याला त्याच दिवशी ७३. पवई आणि विहार तलावांचं ओसंडलेलं पाणी घेऊन मिठी नदी निघते ती आमच्याच उंबऱ्यातून. त्या संध्याकाळी साकीनाक्याच्या बाजूला माझी गाडी बंद पडली, तेव्हा पाणी दाराच्या वर यायला लागलं होतं. पुढच्या टेम्पोवाल्याने दोर फेकला. हाताला लागला तो बंपर. मी त्यालाच गाठ मारली. टेम्पोने हिसका दिला आणि बंपर टेम्पोबरोबर निघून गेला. गाडी होती तिथेच राहिली. मी चालत घरी आलो. त्या रात्री शहरात कित्येक माणसं बंद गाड्यांमध्ये कोंडून मेली, कारण पाण्यात विजेच्या काचा उघडल्या नाहीत.

दुसऱ्या आठवड्यात मी दोन वस्तू घेतल्या: काच फोडायची छोटी हातोडी आणि पिवळा नायलॉनचा दोर. हातोडी अजून गाडीत आहे, ड्रायव्हरच्या हाताशी. दोराची गोष्ट वेगळी झाली.

शेजारच्या विंगमध्ये एक काका राहायचे. उभी हयात अवजड यंत्रं उचलण्या-सरकवण्याच्या कामावर काढलेली, खलाश्यांचे फोरमन म्हणून निवृत्त. 'हाबिस' म्हणजे वर, 'आरिया' म्हणजे खाली, ही बोली मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकली. त्यांनी माझा दोर बोटांनी चाचपला आणि विचारलं, "हा किती टनांचा?"

"जाड आहे की, काका."

"जाडी नाही विचारली. टन विचारले."

मग ते मला मशीद बंदरला, नागदेवी स्ट्रीटवर घेऊन गेले. तिथल्या दुकानांत शॅकल, वायर रोप, चेन पुली, पट्टे, सगळं वजनाच्या हिशेबात विकलं जातं. प्रत्येक शॅकलवर, म्हणजे दोर अडकवायच्या लोखंडी कडीवर, आकडा उमटवलेला असतो: नेहमी सुरक्षितपणे पेलेल तो भार. तुटण्याचा भार त्याच्या कैक पट असतो, पण तो आपला नव्हे, असं काका म्हणत. ज्याच्यावर आकडा नाही ते घ्यायचं नाही. साखळीतली सगळ्यात कच्ची कडी कुठली हे आधी ठरवायचं आणि ती कडी तुटली तर कुणाच्या अंगावर जाईल ते बघायचं. माझ्या बाबतीत कच्ची कडी होती बंपर. गाडीच्या टूलकिटमध्ये एक आटे पाडलेली लोखंडी कडी असते, बंपरवरची छोटी झाकणी काढून ती आत पिळून बसवायची आणि दोर तिला लावायचा, हे मला गाडी घेतल्यावर चौथ्या वर्षी कळलं.

पुढची पाच-सहा वर्षं चिखलाची. २०१० मध्ये महिंद्राची थार बाजारात आली. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा तर पुढच्या-मागच्या दोन्ही डिफरन्शियलला लॉक घेऊन उतरली. पावसाळ्यातल्या रविवारी कर्जत-मुळशीच्या बाजूला चिखलात गाड्या घालण्याचं वेड आमच्यासारख्यांना लागलं. त्या चिखलाने ओढण्याचं गणित शिकवलं. लष्करी वाहनं काढणाऱ्यांचा एक जुना ठोकताळा आहे: चाकं रुतली असतील तर गाडीच्या वजनाइतका जोर लागतो, चिखल मडगार्डपर्यंत असेल तर दुप्पट, त्याच्याही वर गेला तर तिप्पट. म्हणजे दोन टनांची गाडी काढायला चार-सहा टनांची ओढ. पिवळा दोर त्या दिवसांतच निकालात निघाला. आज तो गच्चीवर गोधड्या वाळत घालायला आहे.

त्याच्या जागी पट्टे आले आणि पट्ट्यांतही दोन जाती आहेत हे कळलं. पॉलिएस्टरचा पट्टा फारसा ताणत नाही. बंद पडलेली गाडी रस्त्यावरून टोचन करून न्यायची तर तो बरा. रुतलेल्या गाडीला मात्र नायलॉनचा लवचीक दोर लागतो. पुढची गाडी थोडा वेग घेते, दोर रबरासारखा वीस-तीस टक्के ताणला जातो आणि साठवलेला जोर मागच्या गाडीला हळूच उपसून काढतो. हिसका बसत नाही. पण तोच साठवलेला जोर एखादी लोखंडी कडी तुटली की तिला तोफगोळा करतो. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला दोर अडकवून ओढताना गोळा तुटून माणसं मेल्याच्या घटना जगभर घडल्या आहेत. म्हणून दोरावर मध्यभागी ओली गोधडी टाकायची, बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट लांब पिटाळायचं आणि जमेल तिथे लोखंडी शॅकलऐवजी दोराचीच वीण असलेलं मऊ शॅकल वापरायचं. तुटलं तरी त्याला वजन नसतं.

त्यानंतर मी ज्याला प्रगती समजलो ते झालं. पुढच्या बंपरवर दोर गुंडाळत गाडी ओढणारी विजेची विंच बसवली. विंचची ताकद गाडीच्या भरलेल्या वजनाच्या दीडपट असावी, हा नियम पाळला. सोबत वायर रोप, ओढ दुप्पट करणारी पुली, उंच जॅक. काका गाडीभोवती एक फेरी मारून म्हणाले, "तू आता खणायचा आळस करणार."

बर्फाशी गाठ पडली ती हिवाळ्यात मनालीच्या वर, सोलंगच्या रस्त्यावर. अटल बोगदा तेव्हा व्हायचा होता. पवईहून सुमारे १,९०० किलोमीटर आलो होतो आणि एवढी सामग्री घेऊन आल्यावर रुतण्याची जणू हौसच होती. एका वळणावर गाडी सरळ घसरत जाऊन कडेच्या ढिगात घुसली. मी विंच काढली. बांधायला झाड हवं. देवदार होते, पण दरीच्या पलीकडे. मदतीला थांबलेल्या गाडीला दोर लावला, तर तिचीच चाकं जागच्या जागी गरगरायला लागली आणि ती माझ्याकडे सरकू लागली. चिखलात ओढणारी गाडी सुक्यावर उभी करता येते. बर्फात ओढणाराही त्याच बर्फावर उभा असतो, हे माझ्या गणितात नव्हतंच. थंडीने अर्धमेली झालेली बॅटरी दोनदा विंच फिरवून गप्प बसली.

एक स्थानिक टॅक्सीवाला खाली उतरला. त्याच्या हातात फावडं होतं. "पहले खोदो, भाईसाब," एवढंच म्हणाला आणि गाडीच्या पोटाखालचा बर्फ उकरायला लागला. गाडी चाकांवर नव्हतीच, दाबून घट्ट झालेल्या बर्फावर पोट टेकून बसली होती. अशा गाडीला चार चाकांची ओढ असली काय नि नसली काय, चाकं नुसती हवेत फिरतात. त्याने पोट मोकळं केलं, चाकांपुढे दोन उतरत्या वाटा खणल्या, रस्त्याकडेची खडी त्यांत टाकली आणि मला दुसऱ्या गिअरमध्ये, अ‍ॅक्सिलरेटर जेमतेम दाबून गाडी काढायला लावली. वीस मिनिटांत बाहेर. पैसे घेतले नाहीत. विंचकडे बघून हसला तेवढा.

परतीच्या वाटेवर मी तो प्रसंग पुन्हा पुन्हा उलगडला. फिरणारं चाक घर्षणाने बर्फाचा पातळ थर वितळवतं, ते पाणी पुन्हा गोठतं आणि खाली काच तयार होते. म्हणजे जितका जोर लावाल तितकी काच गुळगुळीत. आपल्याकडच्या टायरांचं रबर थंडीत कडक होतं, ते वेगळंच. फोर बाय फोर गाडी निघताना चारही चाकांनी जोर लावते, पण थांबताना तिला काही जादा मिळत नाही. ब्रेक साध्या गाडीलाही चारही चाकांना असतातच. मुंबईकर फसतो तो इथे: निघता आलं म्हणजे थांबताही येईल, असं तो धरून चालतो.

त्यानंतरच्या वर्षांनी हा धडा माझ्या एकट्याचा राहू दिला नाही. २८ डिसेंबर २०१८ ला सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्यावर सुमारे ४०० गाड्या आणि अडीच हजार पर्यटक बर्फात अडकले. लष्कराने त्यांना बराकींत ठेवलं आणि डोझर लावून रस्ता मोकळा केला. ३ ऑक्टोबर २०२० ला रोहतांगखालचा ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला. जी खिंड हिवाळ्यात महिनोन्महिने बंद असायची, तिच्या पलीकडे लाहौलमध्ये भर डिसेंबरात मुंबई-पुण्याच्या पासिंगच्या छोट्या गाड्या दिसू लागल्या. बोगद्याने अंतर कमी केलं. बर्फ होता तेवढाच राहिला. २३ डिसेंबर २०२४ ला सोलंग आणि बोगदा यांच्या मधल्या पट्ट्यात सुमारे हजार गाड्या अडकल्या आणि चारच दिवसांनी सोलंगमधून जवळजवळ ५,००० पर्यटकांना बाहेर काढावं लागलं. त्या रांगेत माझ्या दोराने कुणाला ओढणार? पुढे गाडी, मागे गाडी. अशा वेळी कामाला येतो तो बर्फ काढणारा डोझर आणि उतारावर एकेक गाडी हाताने धरून खाली आणणारा पोलीस.

त्या डोझरशी आपलंही नातं आहे. हिमालयातल्या रस्त्यांवरचा बर्फ काढणारी सीमा सडक संघटना १९६० मध्ये स्थापन झाली. तिच्या मनुष्यबळाचा कणा असलेल्या 'ग्रेफ'चं केंद्र पुण्याजवळ दिघीला आहे. झोजिला खिंडीतला किंवा लाहौलचा बर्फ कापणारे अनेक ऑपरेटर आधी दिघीच्या उन्हात हजेरी लावून गेलेले असतात.

आणि जानेवारी २०२२. पाकिस्तानातल्या मरीला बर्फाच्या वादळात रस्ता बंद झाला, गाड्या रात्रभर उभ्या राहिल्या आणि किमान २२ माणसं दगावली. ऊब मिळावी म्हणून इंजिन चालू, काचा बंद आणि सायलेन्सर बर्फाखाली गाडलेला: अशा गाडीत कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. २६ जुलैच्या बंद काचा मला तेव्हा आठवल्या. पाणी असो वा बर्फ, गाडी बाहेर काढणं नंतर. आधी माणसाला हवा मिळाली पाहिजे. सायलेन्सरचं तोंड मोकळं करायलाही विंच उपयोगाची नाही, फावडंच लागतं.

म्हणून डिकी पुन्हा रिकामी केली. विंच विकली, वायर रोप भंगारात दिला, उंच जॅक कर्जतच्या एका मित्राला दिला. आता निवड अशी आहे, आणि क्रमही हाच. पहिलं फावडं, लोखंडी पात्याचं. प्लास्टिकचं पातं गोठलेल्या बर्फावर वाकतं. दुसरं साखळ्या, टायरवर छापलेल्या मापाच्याच आणि इंजिन जी चाकं फिरवतं त्यांच्यासाठी. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत ती पुढची. साखळ्या चढवल्या की वेग चाळिशीच्या खाली. तिसरं त्या नारिंगी पाट्या, चाकाखाली सरकवायला. नसतील तर पायपुसणीही एकदा काम देतात, दुसऱ्यांदा नाही. चौथा हवा भरायचा छोटा पंप आणि प्रेशर मीटर, कारण चाकांतली हवा थोडी कमी केली की टायर पसरतो आणि पकड वाढते, पण पक्क्या रस्त्यावर ती परत भरावी लागते. दोर पाचवा: आकडा छापलेला, लवचीक, दोन मऊ शॅकलसह, आणि कोरडा ठेवलेला. नायलॉन भिजला की त्याची ताकद घटते आणि तो गोठला तर काठी होतो. शिवाय हातोडी, दोन घोंगड्या, खजूर, पाणी.

ही यादी दुकानात जाऊन एका दिवसात पुरी होते. मला वीस वर्षं लागली, कारण प्रत्येक वेळी मी ओढायचं साधन शोधत होतो. ओढणं हा शेवटचा उपाय आहे. त्याच्याआधी न घसरणं आहे, घसरलं तर थांबणं आहे, आणि मग खणणं आहे. काकांनी हे विंच बघूनच ओळखलं होतं. आज ते नाहीत. असते तर फावड्यावर टनांचा आकडा नाही म्हणून कुरकुरले असते.

एक गोष्ट मात्र पैशाने मिळत नाही. पहिल्या वर्षी साखळ्या विकत घेतल्या आणि तशाच पिशवीत मनालीला नेल्या. हातमोजे घालून, अंधारात, उणे तापमानात त्या चढवायला मला दीड तास लागला आणि एक साखळी उलटी बसली. पुढच्या वर्षी पवईच्या तळघरात सराव केला. वॉचमनने टॉर्च धरला आणि मोबाइलवर वेळ लावली: पहिलं चाक चाळीस मिनिटं. चौथ्या रविवारी ते बारावर आलं.

तेव्हा डिसेंबरात उत्तरेला गाडी काढणार असाल, तर यातलं जे घ्याल ते घ्या, पण निघण्याआधी एका रविवारी आपल्याच पार्किंगमध्ये हातमोजे घालून साखळ्या चढवून बघा. आणि सोलंगच्या अलीकडे पोलिसाने हात दाखवून परत फिरा म्हटलं, तर मुकाट्याने परत फिरा.