अणुतंत्रज्ञ घडविण्याचा खर्च कोणी सोसावयाचा?

देशाची अणुवीजक्षमता २०४७ सालापर्यंत एक लाख मेगावॉटवर न्यावयाची, असे उद्दिष्ट केंद्र सरकारने २०२५च्या अर्थसंकल्पात जाहीर केले. त्या वर्षाच्या आरंभी ही क्षमता अवघी ८,१८० मेगावॉट होती. पुढे डिसेंबरमध्ये संसदेने नवा कायदा संमत करून खासगी कंपन्यांनाही या क्षेत्राचे दार उघडून दिले. भांडवल, अपघाताचे दायित्व आणि परकीय तंत्रज्ञान यांविषयी पुष्कळ लिहिले-बोलले गेले. परंतु या अणुभट्ट्या चालविण्यास माणसे कोठून यावयाची, आणि ती घडविण्याचा खर्च कोणाच्या माथी पडावयाचा, या प्रश्नाकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही.

आजवर हा प्रश्न जाणवला नाही, कारण त्याचे उत्तर जवळजवळ सत्तर वर्षांपूर्वीच देऊन ठेवलेले होते. डॉ. होमी भाभा यांनी मार्च १९४४मध्ये टाटा विश्वस्त निधीला आपले प्रसिद्ध पत्र लिहिले, तेव्हा वीज निर्माण करणारी एकही अणुभट्टी जगात नव्हती. तरीही, वीसेक वर्षांनी ही शक्ती वापरात येईल त्या वेळी भारताला परदेशी तज्ज्ञांच्या तोंडाकडे पाहावे लागू नये, अशी त्यांची मांडणी होती. ऑगस्ट १९५६मध्ये ‘अप्सरा’ ही भट्टी कार्यान्वित झाली आणि पुढच्याच वर्षी ट्रॉम्बे येथे प्रशिक्षणशाळा निघाली. योजना साधी होती. देशभरातून निवडलेले अभियांत्रिकीचे पदवीधर व विज्ञानाचे पदव्युत्तर विद्यार्थी घ्यावयाचे, वर्षभर विद्यावेतन देऊन त्यांना आपापल्या शाखेपलीकडचे विषय शिकवावयाचे आणि उत्तीर्ण होणाऱ्यास नोकरी द्यावयाची. मोबदल्यात ठराविक वर्षे सेवेची हमी. डॉ. अनिल काकोडकर १९६३ साली मुंबईच्या व्हीजेटीआयमधून पदवी घेऊन याच शाळेत गेले व पुढे अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष झाले. येथील शास्त्रज्ञांना बढतीसाठी वरची जागा रिकामी होण्याची वाटही पाहावी लागत नाही. गुणवत्ता सिद्ध झाली की बढती मिळते. कारकुनी सेवेत आयुष्य घालविलेल्या वाचकांना याचे अप्रूप वाटेल!

‘मानवी भांडवल’ हे प्रकरण शिकविताना वर्गात हमखास एक शंका निघते. प्रशिक्षणाने उत्पादकता वाढते, तर मालक ते स्वखर्चाने का देत नाहीत? गॅरी बेकर यांनी १९६४ सालच्या आपल्या ग्रंथात याचे विवेचन केले आहे. ज्या कौशल्याला अन्यत्रही किंमत येते, त्यावर खर्च करण्यास मालक नाखूश असतो, कारण शिकून तयार झालेला माणूस उद्या शेजारच्या मालकाकडे जाईल. अणुखात्याला ही भीती बाळगण्याचे कारण नव्हते. काही अभियंते परदेशी गेले, काही अन्य उद्योगांत शिरले. पण अणुभट्टी चालविण्याची विद्या विकावी असे दुसरे दुकानच देशात नव्हते. मक्तेदारीचे दोष आम्ही अर्थशास्त्राचे शिक्षक घसा कोरडा होईपर्यंत सांगत असतो. तिच्या या एका गुणाकडे मात्र आमचे दुर्लक्ष झाले.

पदवीधरांच्या शाळेचे कौतुक पुष्कळ झाले आहे. परंतु भट्टी प्रत्यक्षात चालते ती पदविकाधारक, बी.एस्सी. आणि आयटीआयमधून आलेले फिटर, इलेक्ट्रिशियन, ऑपरेटर यांच्या हातांनी. त्यांच्यासाठी विद्यावेतनासह दीड-दोन वर्षांच्या प्रशिक्षणाची वेगळी योजना आहे. तिचे मोल कळण्यासाठी एक हिशेब पाहावा. किरणोत्सर्गाच्या जागी काम करणाऱ्याच्या अंगावर मात्रा मोजणारा बिल्ला असतो. पाच वर्षांत मिळून १०० मिलिसीव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसीव्हर्ट, ही नियमाने घातलेली मर्यादा. म्हणजे प्रत्येकाच्या खाती एक शिल्लक असते आणि ती मिनिटामिनिटाने खर्ची पडते. सरावलेला फिटर जी झडप दहा मिनिटांत बदलील, तिला नवख्याने अर्धा तास लावला तर तिप्पट शिल्लक संपते, आणि ती त्याच्या शरीरातून वसूल होते. म्हणूनच अवघड कामाची तालीम आधी हुबेहूब प्रतिकृतीवर करून घेतात. अशा तालमीवरचा खर्च ताळेबंदात दिसतो. तिने वाचविलेले काही दिसत नाही.

३१ मार्च १९९३च्या पहाटे उत्तर प्रदेशातील नरोरा केंद्रात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजनने पेट घेतला, केबली जळाल्या आणि सुमारे सतरा तास केंद्राचा विद्युत्पुरवठा पूर्णतः खंडित झाला. भट्टी बंद केलेली होती, परंतु बंद भट्टीतही उष्णता निर्माण होतच राहते. नियंत्रणकक्ष धुराने भरला. पाळीवरील लोकांनी डिझेलवर चालणारे आग विझविण्याचे पंप सुरू करून ते पाणी बाष्पजनित्रांत सोडले. काही जण हाती बॅटऱ्या घेऊन अंधारात वर चढले व बोरॉनचे द्रावण भट्टीत सोडणाऱ्या झडपा त्यांनी हाताने उघडल्या. याउलट मार्च १९७९मध्ये अमेरिकेतील थ्री माइल आयलंड येथे झडप उघडी अडकली असता ती बंद आहे असे समजून चालकांनी संकटकालीन पाण्याचा प्रवाहच कमी केला. चौकशी आयोगाने चालकांच्या प्रशिक्षणातील उणिवांवर स्पष्ट बोट ठेवले. ते केंद्र खासगी कंपनीचे होते. अर्थात खासगी मालकाला हे जमतच नाही असे नव्हे. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तेथील वीज कंपन्यांनी एकत्र येऊन प्रशिक्षणाचा दर्जा राखणारी सामायिक संस्था उभारली. शहाणपण आले, पण एक भट्टी गमावल्यावर.

आता आपल्याकडे शेजारचा मालक येऊ घातला आहे. नव्या कंपनीला सर्वांत स्वस्त मार्ग कोणता? सरकारी केंद्रात तयार झालेला अनुभवी चालक दुप्पट वेतन देऊन उचलावयाचा, आणि खालची दुरुस्तीची कामे कंत्राटदाराच्या माणसांकडून उरकावयाची. जाणाऱ्याला दोष देता येणार नाही. चांगले वेतन कोणाला नको असते? परंतु त्याच्या शिक्षणावर करदात्याने केलेला खर्च त्या कंपनीला अनुदान म्हणून मिळेल, आणि या अनुदानाची नोंद कोणत्याही अर्थसंकल्पात नसेल. सेवेच्या हमीची मुदत वाढविणे हा उपाय नव्हे. तिने माणूस अडकतो, टिकत नाही.

ब्रिटनने १९६४च्या औद्योगिक प्रशिक्षण कायद्याने निराळी वाट धरली होती. उद्योगातील सर्व मालकांकडून आकार घ्यावयाचा आणि जो शिकवील त्याला त्यातून अनुदान द्यावयाचे. पुढे तेथे बहुतेक मंडळे गुंडाळली गेली, पण बांधकामासारख्या, कामगार सतत मालक बदलतात अशा क्षेत्रांत ती टिकली. आपल्याकडेही अणुवीज परवान्याबरोबर प्रत्येक मेगावॉटमागे असा आकार लावावा, त्याचा ठरलेला हिस्सा पदविका व आयटीआय स्तरासाठी राखावा आणि कंत्राटी कामगारही या प्रशिक्षणात आणावा. वीज त्यामुळे किंचित महागेल, हे मान्य केले पाहिजे.

देशी बनावटीच्या किमान पाच छोट्या भट्ट्या २०३३पर्यंत चालू करावयाच्या, असेही २०२५च्या अर्थसंकल्पात म्हटले आहे. आयटीआयची दोन वर्षे, प्रशिक्षणाची दोन वर्षे आणि चालत्या केंद्रावरील दोन-तीन वर्षे धरली, तर त्या भट्ट्यांवर लागणारा फिटर आताच पालघर वा रत्नागिरीच्या आयटीआयच्या प्रवेशाच्या रांगेत असावयास हवा. त्याच्या शिक्षणाची तजवीज परवान्याच्या अटींतच व्हावयास हवी, आणि तीही पहिला परवाना कोणाच्या हाती पडण्यापूर्वी.