गाडीत पाणी शिरते कुठून?

पावसाळा सुरू होऊन आठवडा लोटत नाही तोच अनेक गाड्यांमधून कुबट वास येऊ लागतो. आधी दोष दिला जातो ओल्या छत्रीला, मग मुलांच्या चिखलाने माखलेल्या बुटांना. एखादी सुगंधी बाटली आणून टांगली जाते. पण एक दिवस मॅट उचलली जाते आणि खालचे कार्पेट पिळण्याइतके ओले निघते. हे पाणी बुटांबरोबर आलेले नसते, ते बाहेरून आत शिरलेले असते.

ही ओल किरकोळ समजू नका. कार्पेटखाली फोमचा थर असतो. वरून कोरडे वाटले तरी तो कित्येक दिवस पाणी धरून ठेवतो. त्याखालचा पत्रा हळूहळू गंजतो. फोममध्ये बुरशी धरते आणि घरात कुणाला दमा किंवा अॅलर्जी असेल, तर बंद गाडीत त्याचा त्रास वाढू शकतो. आतल्या ओलाव्याने काचांवर वाफ धरते. रात्री, भर पावसात, घाटातल्या वळणावर समोरचे दिसेनासे झाले तर काय होईल, हे सांगायला नकोच!

शिवाय आजच्या गाड्यांत कार्पेट आणि सीटखालून बऱ्याच वायरी जातात. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांना चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. एअरबॅगच्या यंत्रणेच्या वायरीही अनेकदा याच भागात असतात. त्यांचे पिवळे जोड स्वतः कधीही सोडवू नयेत.

आधी पाणी ओळखा

प्रत्येक ओल पावसाची नसते. कोरड्या दिवशी एसी चालवल्यावर डाव्या सीटपुढची जागा ओली होत असेल, तर एसीचे पाणी बाहेर टाकणारी नळी तुंबलेली असण्याची शक्यता मोठी. एरवी एसी चालू असताना गाडीखाली थेंब पडतात, ते बंद झाले की संशय घ्यावा. पाणी चिकट आणि गोडसर वासाचे असेल, तर ती इंजिनच्या कूलंटची गळती होय. अशा वेळी थेट मेकॅनिक गाठावा.

दोघांनी मिळून करायची तपासणी

ओल दिसते तिथेच भोक असते असे नाही. पाणी पत्र्याच्या कडेकडेने वाहत जाते आणि भलत्याच ठिकाणी टपकते. म्हणून तपासणीला दोघेजण हवेत. एकाने टॉर्च घेऊन आत बसावे, दुसऱ्याने बाहेरून साध्या नळीने पाणी सोडावे. जमिनीवर कोरडे वर्तमानपत्र अंथरावे, पहिला थेंब त्यावर लगेच दिसतो.

सुरुवात खालून करावी आणि हळूहळू वर जावे. एकेका जागी तीन ते पाच मिनिटे पाणी पडू द्यावे. एकदम टपावर ओतले तर ते सगळीकडून वाहते आणि नेमकी वाट कळत नाही. सर्व्हिस स्टेशनचा जोराचा फवारा वापरू नये. पावसाचे पाणी जिथून शिरणार नाही, तिथूनही तो पाणी घुसवतो.

नेहमीच्या चोरवाटा

वायपरखालची जाळी : झाडाखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत कडुनिंबाची, गुलमोहराची पाने इथे साचतात. निचऱ्याची वाट बंद झाली की तुंबलेले पाणी एसीच्या हवेच्या मार्गाने आत येते. पाने काढून पाणी ओतून पाहावे.

दार : काचेच्या फटीतून दारात पाणी जाणारच. ते बाहेर पडण्यासाठी दाराच्या तळाशी छिद्रे असतात. त्यांतली माती काडीने काढावी. दाराच्या आतल्या पॅनेलमागे प्लास्टिकचा कागद चिकटवलेला असतो. स्पीकर बसवताना किंवा काचेचे काम करताना तो फाटला, की पाणी थेट पायाशी येते.

दाराचे रबर : कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि पट्टी ओढावी. ती सहज निसटली तर तिथले रबर दबलेले आहे किंवा दार नीट बसत नाही.

पुढची काच : मारुती ८०० सारख्या जुन्या गाड्यांत काच रबरात बसवलेली असे, नव्यांत ती चिकटवलेली असते. काच बदलल्यानंतर गळती सुरू झाली तर त्याच कारागिराकडे जाऊन दुरुस्ती करून घ्यावी.

डिकी : स्टेपनी उचलून तळ पाहावा. मागच्या दिव्यांची रबरे कडक झाली की पाणी इथे साचते. मागची सीट आडवी करून टॉर्चने पाहता येते. पण मुलाला आत बसवून डिकी बंद करण्याचा प्रयोग कदापि करू नये.

सनरूफ : त्याच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या खाली जातात. पन्हळीत थोडे पाणी ओतावे, ते गाडीखाली आले पाहिजे. जोराची हवा मारल्यास नळी आतल्या आत सुटू शकते.

सिलिकॉनची घाई नको

गळती दिसताच सगळीकडे सिलिकॉन फासणे ही नेहमीची चूक. त्यामुळे निचऱ्याची छिद्रेच बुजतात आणि आतले पाणी आतच कोंडते. शिवाय व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन पत्र्याला गंज आणू शकते. दबलेले रबर बदलणे हाच खरा उपाय.

वाट बंद झाल्यावर कार्पेट उचलून खाली टेकू द्यावा, वर्तमानपत्रांनी पाणी टिपावे आणि टेबलफॅन लावून फोम पूर्ण वाळवावा. फक्त वरचा भाग वाळवला तर वास परत येतो.

एक गोष्ट लक्षात असू द्या. झिजलेल्या रबरामुळे झालेले नुकसान सहसा विम्यात बसत नाही, कारण झीज पॉलिसीतून वगळलेली असते. जुनी गाडी घेतानाही मॅट आणि स्टेपनीखाली हात फिरवून पाहा. गंज आणि कुबट वास लपवणे विकणाऱ्यालाही कठीण जाते.

मुंबईत पाऊस साधारण ११ जूनला पोहोचतो, दिल्लीत २७ जूनच्या सुमारास, तर चेन्नईत मुख्य पाऊस ऑक्टोबरपासून असतो. आपण जिथे राहत असाल, तिथल्या पावसाआधीचा एक रविवार या तपासणीसाठी राखून ठेवा. लागेल ती एक नळी, एक टॉर्च आणि घरातल्या दोघांचा तासभर वेळ!